सिग्नलबाहेर उभी गाडी

आमच्या घरात लिंबू कापतात ते सरबतासाठी. करणी, भानामती, अंगात येणं... वडिलांनी असलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यात मी शिक्रापूरच्या एका कंपनीत टूलरूमला, मोजून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय. तरी लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

दौंड-बारामती छोटी गाडी बंद होऊन रुंद रूळ पडले, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. वडील, म्हणजे आप्पा, त्या लाइनीवर पॉइंट्समन होते. लिव्हर ओढून सिग्नल पाडायचा आणि गाडी स्टेशनात घ्यायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी त्यांना शिरूरला आमच्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोष्टी दाखवा, कदाचित बोलतील. मला एवढंच हवं होतं – त्यांनी एकदा मला नावानं हाक मारावी.

रद्दीत मला आयर्लंडच्या जुन्या रेल्वेवरचं एक मासिक मिळालं होतं. तिकडंही अशाच अरुंद रुळांच्या गाड्या बंद पडल्या, आणि लोक हौसेनं त्यांची मॉडेल्स करतात. नुसती गाडी नाही – पाण्याची टाकी, गेटमनची खोली, कुंपणाचे खांबसुद्धा. म्हटलं, आपणही करू. गुरुवारच्या सुट्ट्या घालवून प्लायवूडवर आप्पांचं स्टेशन उभं केलं आणि त्यांच्या खाटेसमोर टेबलावर ठेवलं. गाडी म्हणजे लाकडी ठोकळे, ना मोटर ना सेल. सिग्नलचा पत्र्याचा हात आडवा धरून गोंदानं पक्का केला. फलाटाचा रंग ओला, म्हणून गाडी सिग्नलच्या बाहेरच ठेवली.

चूक तिथंच झाली. आडवा हात म्हणजे थांब, खाली झुकलेला म्हणजे ये. आप्पा गाडीकडे बघत आणि डावा हात चादरीवर ओढत राहत. मला वाटलं, खूश आहेत.

माझी बायको सुनंदा रेल्वेवाल्याचीच लेक. ती म्हणाली, "आवो, गाडी भाइर हुबी केलीया तुमी. त्यास्नी बघवंना ते. आत घ्या की."

"रंग वाळू दे."

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आलो तर सिग्नल पडलेला. गोंद सुटला म्हणावं तर हात लोंबकळायला हवा... हा नेमका झुकून घट्ट बसलेला. मी उचकटून पुन्हा आडवा चिकटवला. पुन्हा तेच.

"तू केलंस?"

"मला दुसरं उद्योग न्हाईत व्हय?"

आप्पांना तर आधाराशिवाय कूसही बदलता येत नव्हती. मी हट्टाला पेटलो. हात परत आडवा केला, रंग वाळला तरी गाडी बाहेरच ठेवली. कोण हात लावतंय ते बघूच. झोप उडाली, कंपनीत मशीनवरचे जॉब, म्हणजे घडवायचे भाग, हातून बिघडायला लागले.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा तिथंच भाकरी थापत होती. आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. आप्पांचा... स्वच्छ.

"आलीस व्हय? लई वाट बघाया लावलीस. बस."

आम्ही धावलो. घराच्या पुढच्या दाराला आतून कडी तशीच. सिग्नल पडलेला. गाडी फलाटाला लागलेली.

आप्पा खाटेच्या रिकाम्या कडेला बघून हसत होते. माझी आई बारामतीची. माहेराहून ती त्याच गाडीनं परतायची, आणि तिच्या गाडीला सिग्नल बहुतेक आप्पाच पाडायचे. तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"आप्पा, मी विलास," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि डोळे मिटले. नंतर चार महिने ते होते, पण शब्द फुटला नाही.

वारा, उष्णता, हादरे, सगळं तपासलं. काही हाती लागलं नाही. आप्पा बोलावेत म्हणून एवढं केलं, आणि ते बोलले... पण माझ्याशी नाही. याचं अजून वाईट वाटतं, आणि आईचा असा हेवा वाटावा याची लाजही वाटते.