आधी राजकोटला, मग वर्गात

काझी सरांना विज्ञानाचं काही नवीन सापडलं, की ते बार्शीटाकळीच्या वर्गात दाखवण्याआधी राजकोटला यायचं, माझ्या फोनवर. कधी हृदयाचा व्हिडिओ, कधी पडद्यावर बोटानं तारा जोडून दिवा पेटवायचा खेळ, कधी प्रश्नमंजुषा. दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडते न उघडते तोच त्यांचा फोन. "पल्लवे, लिंक पाठवली. चांगलं हाय म्हणू नको. चालते का नाही थे सांग, अन् कुठं अटकली थे सांग."

मी नववीत शाळा सोडलेली. पंपाच्या मोटारींची कॉइल गुंडाळायच्या कारखान्यात कामाला. फोन जुना, काच तडकलेली, आणि पत्र्याखाली नेटवर्कची एकच काडी. सरांना नेमकं तेच हवं होतं. "तुह्या फोनवर चाललं तं खेड्यातल्या पोरायच्या फोनवर बी चालते. अन् तुले समजलं तं वर्गाले समजते," ते म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा लागलंच. मग लक्षात आलं, की ते गोड बोलत नव्हते तसं टाकूनही बोलत नव्हते. त्यांना कामाचं माणूस पाहिजे होतं.

ते माझ्यापर्यंत कसे पोहोचले, ते सांगायला हवं. टाळेबंदीत शाळा फोनवर गेली, आणि आमच्या घरी एकच बटणांचा फोन होता. शाळा उघडली तेव्हा पोरं धड्याच्या पुढे निघून गेली होती आणि मला फळ्यावरचं काही कळेना. विचारायची लाज वाटायची. एक दिवस गेले नाही, मग आठवडाभर गेले नाही, मग भाऊ-वहिनीसोबत राजकोटला आले. दोन-तीन वर्षांनी सरांच्या स्कूटरचं चाक बाबांच्या पंक्चरच्या दुकानासमोर बसलं. "पोरगी कुठं हाय?" "राजकोटले हाय सर, कामाले." "नंबर दे तिचा."

त्या संध्याकाळी फोनवर सरांचा आवाज ओळखला आणि मी खाटेवरून उठून उभी राहिले. मला वाटलं, रागावणार. सर म्हणाले, "वर्ग मी फोनवर नेला. तुह्याजवळ फोन नाही हे मले मालूम होतं, तरी नेला. हजेरीत रोज तुले गैरहजर लिवलं. तू गैरहजर नोहती पोरी. दार मीच लावलं होतं." शिक्षक असं बोलतात हे मला माहीत नव्हतं. मी नुसतं "हो सर, हो सर" करत राहिले.

उंच, वाळके, चष्म्याला दोरी. फोनवर एका बोटानं टाईप करायचे, दारावरची घंटी दाबावी तसं. शाळेतले तरुण शिक्षक हसायचे, "काझी सर, रिटायरमेंटले आले, आता काहून या भानगडीत पडता?" सर म्हणायचे, "भानगड मीच केली होती, मीच निस्तरतो."

प्रश्नमंजुषा सरांनी शाळेतल्या चार-पाच शिक्षकांना आणि मला एकदमच सोडवायला दिली होती. मला ती आवडली. ज्याचं उत्तर आधी, त्याचं नाव वर. मी तसं कळवलं. सरांनी विचारलं, "तुहा नंबर कितवा आला?" माझी सगळी उत्तरं बरोबर होती, पण नेटवर्कमुळे मी शेवटी होते. ते उखडले. "ज्याचा फोन तेज त्याचा नंबर पहिला, हा कोणचा इन्साफ हाय?" ती मंजुषा वर्गात गेलीच नाही. मग त्यांनी दुसरी पद्धत शोधली. प्रत्येक पोराच्या हातात चौकोनी चिन्ह छापलेला एक पुठ्ठा. उत्तराप्रमाणे पुठ्ठा फिरवून वर धरायचा, आणि सर एकटेच आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचे. कोण चुकलं ते फक्त सरांना दिसायचं. मला वाटलं, हे माझ्या वेळी असतं तर मी हात वर केला असता.

मग विद्युतचुंबकाचा धडा आला. पडद्यावर खिळ्याला तार गुंडाळायची, सेल जोडायचा, की टाचण्या टपाटप चिकटतात. माझ्या फोनवर चाललं, वर्गातही चाललं. दुसऱ्या दिवशी सरांनी खरे खिळे आणि दुरुस्तीच्या दुकानातली तांब्याची तार वाटली. एकाही खिळ्याला टाचणी चिकटेना. दुपारी कारखान्यात सरांचा फोन आला तेव्हा मागे वर्गाचा गलका ऐकू येत होता. "सेल नवे हायेत. गुंडाळे मोजून पाह्यले. काहून उचलत नसन व?"

मी घाबरत विचारलं, "सर, तारेची टोकं खरवडली का?"

"उघडीच तर हाय तार."

"उघडी दिसते सर. लाखेसारखा पातळ थर असते तिच्यावर. आमी रोज ब्लेडनं काढतो."

तिकडून व्हिडिओ चालू झाला. मग सरांनी फोन पोरांकडे वळवला. "पोराहो, पडद्यावरच्या तारेले थर नसते, म्हणून मीबी विसरलो. मी चुकलो. आता ही सांगते तसं करा." मी काँक्रीटच्या ओट्यावर फोन टेकवला आणि ब्लेडनं तारेचं टोक खरवडून दाखवलं. पाच मिनिटांनी तिकडून टाचण्यांचा आणि पोरांचा एकदमच आवाज झाला. त्या दिवसापासून सरांचा नियम झाला : आधी हातानं, मग पडद्यावर.

त्याच संध्याकाळी त्यांनी सतरा नंबरच्या फॉर्मचं काढलं. हा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. मी म्हटलं, "सर, विज्ञानात नापास होईन मी. सगळ्यायले कळन."

"मी तुले विचारून नाही राह्यलो. दाखला काढला. सही करायले तुह्या बापाले बोलावलं."

तेव्हापासून लिंका माझ्यासाठी येऊ लागल्या. कामाची पाळी सुटली की मी खोलीच्या पायऱ्यांवर बसायचे, सर तिकडून शिकवायचे. आनुवंशिकता तीन वेळा शिकवली. चौथ्यांदा मी खोटंच म्हणाले, समजलं. "मंग मले सांग," सर म्हणाले. सांगता आलं नाही. रागावले नाहीत. "बटन दाबलं म्हंजे समजलं नाही, अन् हो म्हटलं म्हंजे बी समजलं नाही. चाल, पुन्हा."

मार्चमध्ये परीक्षेला गावी गेले. विज्ञानाचा पहिला भाग बरा गेला. दुसऱ्या भागात पाऊण तास नुसते प्रश्नच वाचत राहिले. मग जे येत होतं ते लिहिलं.

परत निघाले तेव्हा सर अकोला स्टेशनवर आले होते. त्यांच्या नोकरीचे दोनच महिने उरले होते, नंतर बडनेऱ्याला मुलीकडे राहायला जाणार होते. गाडीला वेळ होता. त्यांनी विचारलं, "इतकी सुट्टी कशी भेटली?" मी सांगितलं, चुलत बहिणीचं लग्न आहे म्हणून अर्ज दिला. नापास झाले तर कारखान्यात कुणाला कळायला नको.

सर चष्मा पुसत राहिले. "परीक्षेले आली होती माय, चोरीले नाही."

"अन् नापास झाली तं, सर?"

"तं जुलैत बसशीन. फॉर्म मी बडनेऱ्याहून भरीन, तिथं बी नेट हाय."

गाडी हलल्यावर ते बाकी लोकांसारखे हात हलवत उभे राहिले नाहीत. पाठ करून जिन्याकडे निघाले. त्यांच्या दृष्टीनं हा निरोप नव्हता, एवढंच.

राजकोटला पोहोचल्यावर मी सुपरवायझर बेनना सगळं खरं सांगितलं. त्या थोड्या रागावल्या, मग म्हणाल्या, पास झालीस तर पेढे आण. निकाल अजून लागायचा आहे. पण जुलैच्या सुट्टीचा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे : दहावीची परीक्षा, लागल्यास.