दोन मास्क, चार माणसं आणि रघुनाथराव

रघूनं पेन खाली ठेवलं तेव्हा माझं उत्तर तिसऱ्यांदा एकोणीसच आलं होतं. मी मान वर केली नाही. तो चहा पीत होता हे मला फुरक्यावरनंच कळलं.

आमच्या सांगलीच्या कोल्ड स्टोरेजची मीटिंग रूम. टेबलाच्या अलीकडे मी, सातारा डेअरीचा सेफ्टी ऑफिसर. पलीकडे रघुनाथ, सांगलीचा सेफ्टी ऑफिसर. मालक एकच. साताऱ्याला दूध थंड करतात, सांगलीला बेदाणा थंड ठेवतात, आणि दोन्हीकडे त्यासाठी अमोनिया लागतो. हा गॅस गळला तर डोळे, नाक, फुप्फुस काहीच सोडत नाही. माणसाला वेळेत बाहेर काढणं, एवढीच आमची खरी नोकरी. बाकी सगळे बोर्ड आणि हेल्मेट.

कंपनीनं ठरवलं होतं की दोन्ही प्लँटला मिळून एकच सेफ्टी हेड नेमायचा. दोघांतला एक साहेब होणार, दुसरा त्याच्या हाताखाली जाणार. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मी मुकाट्यानं गेलो असतो. पण रघू माझा सख्खा चुलत भाऊ.

आमचं गाव म्हसवडच्या बाजूला. रघू माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा, आणि ते तीन महिने त्यानं जन्मभर वापरले. भरतीला दोघं एकदम गेलो. तो पहिल्या खेपेला पास झाला, मी दुसऱ्या. फौजेतून सुटल्यावर सेफ्टीचा कोर्स दोघांनी केला, नोकरी आधी त्याला लागली. रानं शेजारी शेजारी, मधे एक बांध. त्याच्या बोअरला पाणी लागलं, माझ्या बोअरला फुफाटा. आमच्या दुष्काळी भागात बांधापलीकडे पाणी लागणं म्हणजे काय, ते तिकडच्या माणसालाच कळेल. मी त्याच्यावर जळतो का? जळतो. लपवून काय करू?

तर त्या पोस्टसाठी आम्हा दोघांना घातलेलं कोडं असं होतं. जीएम साहेब पुण्याचे, त्यांना कोडी आवडायची. गॅस भरलेल्या कॉरिडॉरच्या टोकाला एका खोलीत चार माणसं अडकलीत. बी.ए. सेट दोनच. बी.ए. सेट म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क. तो घातल्याशिवाय कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकायचं नाही. म्हणजे एका वेळी दोघंच बाहेर जाणार, आणि त्यातल्या एकानं दोन्ही सेट घेऊन परत आत यायचं. जोडीनं चालताना एकमेकाला सोडायचं नाही, त्यामुळे जो हळू त्याच्या चालीनं दोघं. साहेबांनी नावंही सांगली प्लँटमधल्या खऱ्या माणसांची घातली होती. संतोष ऑपरेटर एका मिनिटात जातो. लॅबच्या शैलामॅडम दोन मिनिटांत. तात्या फिटर, गुडघे गेलेले, सहा मिनिटं. स्टोअरचे पवारसाहेब, वजन शंभरीपार, दहा पावलांवर धाप, नऊ मिनिटं. सतरा मिनिटांत गॅस खोलीत शिरतो. त्याआधी चौघं बाहेर पाहिजेत.

माझा हिशोब सरळ होता. फौजेत आम्हाला बडी शिकवलाय, म्हणजे जोडीदार. कच्च्या माणसाबरोबर पक्का माणूस द्यायचा. सगळ्यांत पक्का संतोष. त्यानं मॅडमना सोडायचं, परत यायचं, तात्यांना सोडायचं, परत यायचं, पवारसाहेबांना सोडायचं. दोन, एक, सहा, एक, नऊ. एकोणीस. माणसं पुढंमागं करून बघितली, तरी एकोणीस.

"रघुनाथराव, तुमचं?" साहेब म्हणाले.

"सोळा, साहेब."

मी माझा कागद उलटा करून ठेवला.

"आधी संतोष आणि मॅडम बाहेर," रघू उठून बोर्डापाशी गेला. "संतोष सेट घेऊन परत. मग त्यानं आतच थांबायचं. दोन्ही सेट तात्यांना आणि पवारसाहेबांना द्यायचे. दोघं हळू चालणारे, मग एकदमच जाऊ द्या की. नवात सहा जिरून जातात. ते बाहेर आले की मॅडम सेट घेऊन आत, आणि संतोषला घेऊन बाहेर. दोन, एक, नऊ, दोन, दोन."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. मी बेरीज करून बघितली. चूक निघाली असती तर मला त्या दिवशी जेवण गेलं असतं. निघाली नाही.

"साहेब, कागदावर बरोबर आहे," मी म्हणालो. "पण दोन कच्ची माणसं गॅसमधून एकटी सोडायची? एकाला ठसका लागला तर दुसरा काय करणार? आमच्या फौजेत असं कुणी करत नाही."

"फौजेत मीबी होतो, दत्त्या," रघू शांतपणे म्हणाला.

साहेबांनी दोघांकडे बघितलं. "उद्या सकाळी ड्रिल घेऊ. गॅस नाही, बाकी सगळं खरं. प्लॅन रघुनाथरावांचा. दत्ताराव, तुम्ही आत खोलीत ऑब्झर्व्हर. फक्त बघायचं. जमलं तर जमलं, नाहीतर तुमचं म्हणणं खरं."

माझं म्हणणं खरं म्हणजे पोस्ट माझी. मी खूश झालो. मला आपल्याकडची माणसं माहीत होती.

सकाळी रघूनं चौघांना नीट समजावलं. संतोष प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग कॉरिडॉरचे लाइट बंद केले, मास्कच्या काचांवर पातळ कागद लावला, म्हणजे डोळे चुरचुरत असताना दिसतं तेवढंच दिसावं. साहेब घड्याळ घेऊन पलीकडच्या टोकाला, शेजारी रघू. आत मी. भोंगा वाजला.

संतोष आणि मॅडम गेले. संतोष धावत परत आला, मास्क काढला. दुसरा सेट तात्यांच्या पाठीवर चढवला, पट्टे आवळले. आतापर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे. तात्या उठले आणि त्यांचा गुडघा जरा लटपटला. झालं. संतोषनं आपला सेट पवारसाहेबांना द्यायच्या ऐवजी मास्क पुन्हा तोंडाकडे नेला आणि दुसऱ्या हातानं तात्यांचा दंड धरला.

"चला तात्या, मी नेतो तुमास्नी."

"आरं, मी जातो की पवारसायबांबरुबर. तसंच ठरलंय न्हवं?"

"तसं कसं? वडीलधाऱ्या माणसाला एकटं कसं सोडायचं?"

आमच्याकडचं पोर असंच करणार, हे मला रात्रीच ठाऊक होतं. आमच्या घरात म्हातारा माणूस उठला की पोरगं दंड धरायला पळतं. नाही पळालं तर आई रागावते. ते प्लॅननं जायचं नाही. आता हिशोब पुन्हा एकोणीसवर येणार. रघूचा प्लॅन पडणार, तोही खुद्द रघूच्या प्लँटमध्ये, रघूच्या माणसाच्या हातून. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मी हाताची घडी घातली.

आणि माझी नजर पवारसाहेबांवर गेली. ते बेदाण्याच्या क्रेटवर बसले होते. मास्कसाठी पुढं केलेला हात तसाच राहिला होता. त्यांनी हात हळूच मांडीवर ठेवला. खरा गॅस असता, तर त्या पोराच्या संस्कारापायी हा माणूस क्रेटवर बसल्याबसल्या गेला असता.

"संत्या, सोड तो हात," मी ओरडलो. "मास्क पवारसाहेबांना दे. आणि तू भिंतीला पाठ लावून उभा राहा. गप्प."

मी हे का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणाल तर तो नव्हता. सुटकेत कुणी क्रम चुकवला की माझं तोंड आपोआप उघडतं, इतकी वर्षं त्याचाच पगार खाल्लाय. डोक्यात रघू येईपर्यंत शब्द बाहेर पडले होते.

दोघं निघाले. तात्यांनी पवारसाहेबांच्या खांद्यावर हात टाकला, पवारसाहेबांनी तात्यांच्या कमरेला धरलं. त्यांच्या चालीत कुणालाच घाई करावी लागली नाही. संतोष मात्र भिंतीपाशी चुळबुळत होता.

"सर, मला लय कसंतरी हुतंय."

"मलाबी," मी म्हणालो. माझं कारण त्याला सांगितलं नाही.

मॅडम आल्या आणि त्याला घेऊन गेल्या. सोळा मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. बाहेर टाळ्या वाजल्या, त्या मी आतून ऐकल्या. संतोषनं मोठ्या भोळेपणानं सगळ्यांना सांगितलं की दत्तासरांनी मला अडवलं म्हणून जमलं. साहेब मला म्हणाले, "ऑब्झर्व्हरनं बोलायचं नसतं, दत्ताराव. पण बरं झालं बोललात." बरं कुणाचं झालं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर शाबासकी घ्यायची.

कँटीनमध्ये रघू माझ्यासमोर येऊन बसला. मी मिसळीत पाव बुडवत राहिलो.

"दत्त्या, संतोषला तू अडवलंस म्हणं."

"तोंडातनं गेलं."

"मला रात्रभर त्याचाच घोर हुता. ते पोरगं दंड धरणार, म्हाईत हुतं मला."

म्हणजे तेही त्याला आधीच माहीत होतं. तेवढी एक गोष्ट मला वाटलं फक्त मलाच कळलीय. मी विचारलं, "दोघांना एकदम पाठवायचं तुला सुचलं कसं रं?"

"आपल्या आबा-नानांवरनं."

आबा माझे वडील, नाना त्याचे. दोघांच्या हातात काठ्या. पूर्वी रविवारी सिद्धनाथाच्या देवळात आबांबरोबर माझा पोरगा जायचा, नानांबरोबर त्याचा पुतण्या. दोन पोरांची सकाळ वाया जायची आणि दोघं म्हातारे पोरांच्या घाईवर करवादायचे. मग एकदा दोघं आपले आपणच निघाले. बोलत बोलत जातात, बोलत बोलत येतात, आणि घरच्या पोरांना वेळच वेळ. हे सगळं माझ्या अंगणातलं. त्यातली अर्धी चाल माझ्या बापाची. काखेत कळसा माझ्या, आणि पोस्ट त्याला.

ऑर्डर निघाली. आता महिन्याचा रिपोर्ट मी रघूला पाठवतो. वर 'आदरणीय सर' लिहितो. खाली तो 'ठीक' एवढंच लिहून परत धाडतो. गावी गेलो की दत्त्या, ऑफिसात दत्ताराव. माणूस म्हणून वाईट नाही, आणि तेच जास्त टोचतं.

ट्रेनिंगला आलेल्या नव्या पोरांना मी हे कोडं घालतो. बहुतेक एकोणीसवर येतात आणि तिथंच अडतात. मग मी सांगतो की सुटकेत सगळ्यांत चपळ माणसाचं काम सगळ्यांत अवघड असतं. आपला मास्क दुसऱ्याला द्यायचा आणि गप्प उभं राहायचं. पोरं ते लिहून घेतात.

पुढचं मी त्यांना सांगत नाही. त्या सकाळी मीसुद्धा गप्प उभा राहिलो असतो, तर आज रघू मला सर म्हणाला असता.