पाळी गावचा बंद रस्ता आणि ब्राझीलची लुसिया

गणेश चवथीची गडबड नुकतीच आटपली होती. दुपारी जेवताना माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे भाऊंच्या, हातातला घास ताटात पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं... अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून आम्ही गोव्यातल्या पाळी गावातल्या आमच्या घराबाहेर वाट बघत उभे राहिलो.

ती आली, पण आमच्याकडे नाही. ड्रायव्हर वास्कोचा, या भागात नवीन. फोनवरच्या नकाशाने त्याला जवळची वाट म्हणून खाणीच्या जुन्या रस्त्यावर घातलं. खाण बंद झाल्यापासून तो रस्ता थेट तिच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात उतरतो.

"मॅडम, पुढे रस्ताच नाही. पाणी आहे," ड्रायव्हरने फोनवर सांगितलं. विनयने, माझ्या नवऱ्याने, फोन घेतला. "थंयच राव. हांव येतां." आणि त्याला तिथेच थांबायला सांगून तो स्कूटर काढून आणायला गेला.

भाऊ वाचले. पण उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही, आणि शब्द अडकतात. थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

हॉस्पिटलच्या बाहेर ड्रायव्हर भेटला तेव्हा मी त्याला फोन दाखवायला सांगितलं. त्याच्यावर राग नव्हता, मला तो नकाशा बघायचा होता. जगभरातले लोक मिळून बनवतात तो फुकटचा नकाशा होता तो. कुणीही त्यात भर घालू शकतं, चूक सुधारू शकतं.

मी डिचोलीत एका सीएच्या ऑफिसात काम करते. नकाशांशी माझा संबंध शाळेतच संपला होता. तरी भाऊ घरी आल्यावर पहिल्या रविवारी लॅपटॉप उघडला, खातं काढलं आणि तो रस्ता पुसून टाकला... फार समाधान वाटलं.

पुढच्या आठवड्यात बघते तर रस्ता परत जागेवर! खाली इंग्रजीत एक निरोप होता. ब्राझीलमधल्या लुसिया नावाच्या बाईचा. "सॅटेलाइट फोटोत रस्ता स्पष्ट दिसतो. तुम्ही का पुसलात?"

मी चिडून पुन्हा पुसला. तिने पुन्हा आखला आणि शांतपणे लिहिलं, "तुमच्याकडे पुरावा असेल तर द्या. मी ऐकेन."

"इतक्या दूर बसून ही मला माझ्या गावातला रस्ता शिकवणार?" मी विनयला म्हटलं. तो पूर्वी त्याच खाणीवर टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवायचा. मी यात का पडते, हे त्याला कळेना. तो म्हणाला, "सरकाराचें काम तें. तूं कित्याक करता?"

मी म्हटलं, "सरकार करेल तेव्हा करेल. पुढच्या वेळी कुणाच्या घरी अ‍ॅम्ब्युलन्स यायची असेल, ते माहीत आहे तुला?" दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर खाणीकडे जायला त्यानेच आधी चपला घातल्या.

आम्ही फोनवर वाट नोंदवत तो रस्ता चाललो. लाल मातीचा ढिगारा, गंजलेलं फाटक, झुडपं, आणि मग एकदम हिरवं पाणी. विनयने काठावरून खाली बोट दाखवलं. "हांगाच्यान गाडी वयर काडटालों हांव," तो म्हणाला. आता पाणी आहे तिथूनच तो टिपर वर आणायचा. मी सगळीकडचे फोटो काढले आणि लुसियाला पाठवले.

तिचं उत्तर आलं. तिचं गावही लोखंडाच्या खाणीच्या खालच्या बाजूला आहे. तिथेही असेच खड्डे, असेच कुठेही न जाणारे रस्ते... "म्हणूनच सांगते, पुसू नका," तिने लिहिलं होतं. "पुसलात तर उद्या दुसरा कुणी जुना फोटो बघून पुन्हा काढेल. रस्ता ठेवा, पण बंद म्हणून नोंदवा. म्हणजे कुठलीच गाडी तिकडे वळणार नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मग तिनेच एकेक पायरी शिकवली... फाटक कसं दाखवायचं, पाणी कसं आखायचं, आमच्या वाड्यावरचा नवा सिमेंटचा रस्ता, जो नकाशात नव्हताच, तो कसा जोडायचा. तिची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ. ऑफिसमधून आले की आम्ही दोघी कामाला लागायचो.

भाऊ बाजूला खुर्चीत बसून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "कोण... ती?" ब्राझीलची, तिथे पोर्तुगीज बोलतात, म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. लहानपणी ते पोर्तुगीज शाळेत जायचे. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, पण म्हणाले, "ओब्रिगादु... म्हण तिका." मी तो पोर्तुगीज धन्यवाद तसाच लिहिला. लुसियाने उत्तरात भाऊंच्या तब्येतीची चौकशी केली. ती आजही करते.

पाळी गाव झाल्यावर आजूबाजूच्या गावांतले बंद रस्ते घेतले. विनय स्वतःहून येतो आता. परवा भाऊंसाठी नवीन फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदाच घरी आली, कुणालाही न विचारता, एकही फोन न करता. मी दार उघडलं तर तिच्या फोनवर आमचा तो सिमेंटचा रस्ता.

मागच्या महिन्यात लुसियाने विचारलं, तिच्या दरीत खाणीचा गाळ अडवणाऱ्या बांधाखाली बरीच घरं आहेत, ती नकाशात नाहीत... बांधाला काही झालं तर सुटका करायला येणाऱ्यांना कळायला हवं की तिथे माणसं राहतात. मदत करशील?

त्यामुळे सध्या माझे रविवार तिच्या गावात जातात. सॅटेलाइट फोटोतलं एकेक छप्पर बघायचं, नकाशात त्याचे चार कोपरे नीट जुळवायचे आणि पुढच्यावर जायचं. त्या घरांतली माणसं मला कधी भेटणार नाहीत. पण एकही घर सुटायला नको.