बंधाऱ्यावरची मुदत

आमच्या शेजारचे पितळी भांड्यांचे दुकानदार अण्णा दर रविवारी अणैक्करैच्या बंधाऱ्यावर गळ टाकतात. बाहेर सगळ्यांशी तमिळ, माशांशी मात्र घरातली मराठी. "ये की रे, लाजतोस काय, कळलें?" असं पाण्याला दटावत ते गळाला आमिष म्हणून लावलेला रबरी बेडूक नाचवतात. मासा लागला की असे बघतात, जणू नदी त्यांच्याच नावावर आहे.

यंदा एका थोराड मरळ माशावर त्यांचा डोळा होता. त्याला मीच धरणार, असं गल्लीभर सांगून झालं होतं. परवा तो दिसला. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळत होता आणि खाली हा राखणीला. अशा वेळी मरळ समोर येईल त्यावर तुटून पडतो.

"अण्णा, टाका लवकर!" मी म्हटलं.

त्यांनी दोरी गुंडाळली. "लेकरं राखतोय. आत्ता काडीलाही चावेल तो. त्यात माझा कसला पराक्रम?" मग पाण्याला दरडावलं, "पोरं मोठी कर, मग बघतों तुला, कळलें?"

गल्लीत कुणीतरी विचारलं, "मिळाला का?"

अण्णा छाती काढून म्हणाले, "मुदत दिलीय त्याला."