नानांनी प्यायलेली बर्गंडी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातली वाइन स्टीलच्या वाटीतून प्यायलेलं धुळ्यातलं पहिलं घर आमचं. (आणखी कुणी असेल तर त्यांनीही लपवलंच असणार, परवान्याशिवाय दारू म्हणजे गुन्हा, असे दिवस होते.)

साठच्या दशकात मी तिकडे वर्षभर शिकायला होतो. निघताना माझ्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी एक बाटली हातात ठेवली. "मोठ्या दिवशी उघड," म्हणाले. तसा दिवस काही उजाडेना. बाटली पत्र्याखालच्या माळ्यावर कितीतरी उन्हाळे पडून राहिली. धुळ्याचे उन्हाळे!

मग ते प्राध्यापक गेल्याचं पत्र आलं. मी दिवसभर सुन्न. संध्याकाळी नाना, म्हणजे माझे वडील, आपणहून म्हणाले, "उघड ती बाटली. गुरूच्या नावानं घोट घे." चहासुद्धा न पिणारा माणूस!

खिडक्या लावल्या. (दाराची कडी राहिलीच.) मी घरातला एकुलता काचेचा पेला दिव्यासमोर धरून रंग दाखवला, हुंगायचं कसं ते सांगितलं. नाना, आई, बायको वर्गात बसल्यासारखे ऐकत होते. मी घोट घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"कशी आहे?" नानांनी हळूच विचारलं.

"उत्तम! ओल्या मातीचा वास, पिकल्या फळांची गोडी..." तिकडे शिकलेलं सगळं मी म्हणून टाकलं. गुरूच्या भेटीला नावं कशी ठेवणार?

आईनं पदर डोळ्यांना लावला. नानांनी वाटीभर घेतली, डोळे मिटून संपवली. "मोठा माणूस होता," एवढंच बोलले. बायको घोट घेऊन खांबासारखी ताठ! आईनं तीर्थासारखी घेऊन हात डोक्यावरून फिरवला. मला इतकं भरून आलं, की मी दुसरा घोट घेतला!

तेवढ्यात नानांची मोठी बहीण, सोनगीरची अक्का, दार लोटून आत आली. रडवेले चेहरे बघून घाबरली.

"कोन गया?"

आईनं सांगितलं आणि वाटी पुढे केली. अक्कानं जीभ लावली अन् थू!

"आरे, हाई ते बठ्ठं आंबी गयं!"

बाटली सगळी आंबून गेली होती, आणि कुणी कुणाकडे बघेना.

"नाना, तुम्हाला कळलं नाही?" मी विचारलं.

"पहिल्याच घोटाला कळलं. पण तू रडत होतास."

"ते आंबटानं हो!"

नाना पोट धरून हसायला लागले, आणि मला तेव्हा कुठे खरं रडू आलं.

उरलेली आईनं मिरच्यांच्या लोणच्यात ओतली. लोणचं अप्रतिम झालं. जेवताना मी तसं म्हणालो, तर सगळ्यांनी आधी माझे डोळे तपासले, मगच आपापल्या पानात वाढून घेतलं!