दादाची दुहेरी खिडकी

दादा गेल्याचा निरोप ढाणकीला आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पांढरकवड्याहून आलेल्या माणसाने फाटकाशीच चपला काढल्या, पाणी नको म्हणाला आणि खाली मान घालून बोलला, "बाई, चाला. भाऊ आज सकाळी उठलेच नाहीत." मी सूप बाजूला ठेवलं. रडू आलं नाही. तोंडून भलतंच निघालं. "खिडकी उघडी होती काय त्याची?" तो बिचारा गोंधळला. मी शुद्धीवर नाही असं त्याला वाटलं असावं. "होती वो बाई, सताड उघडी होती. काहून?"

त्या 'काहून'चं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. महिना उलटून गेला. आता देते आहे.

दादा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे घर त्याच्यावरच आलं. यवतमाळला कापसाच्या एका जिनात वजनकाट्यावर तो कारकून होता आणि जिनाच्या भिंतीला लागूनच आम्हाला दोन खोल्या राहायला मिळाल्या होत्या. माय, दादा, वहिनी आणि मी. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, सरकी वेगळी करणारे रेचे सुरू व्हायचे आणि हवेत रुईचे तंतू तरंगायचे. ते चहाच्या कपात, केसांत, अंथरुणात सापडायचे. इतरांना त्याचं काही नव्हतं, पण मला दमा होता. हिवाळाभर मी उशीला टेकून बसूनच डोळे मिटायची. छातीतून शिटी वाजायची आणि दादा पलीकडच्या खोलीत जागा आहे हे मला कळायचं, कारण त्याच्या खाटेचा आवाज यायचा.

जिनाच्या साहेबांच्या बंगल्यात दादाने एक खिडकी पाहिली. एका चौकटीत दोन काचा, मध्ये चार बोटं मोकळी जागा. उन्हाळ्यात आत थंडावा टिकावा म्हणून कोणीतरी हौसेने बसवलेली. दादाच्या डोक्यात ती बसली. पडलेल्या एका घराच्या जुन्या काचा त्याने मिळवल्या आणि माझ्या खोलीच्या खिडकीला आतून दुसरी चौकट ठोकली. माय दारात उभी राहून बघत होती.

"काचीवर काच कायले रे? एका काचीतून दिसत नाही काय?"

"पाहासाठी नाही माय. हिचा जीव घाबरते म्हणून."

खिडकी झाली, पण सुखाने राहिली नाही. तिची काही ना काही कुरकुर चालूच असायची. थंडीच्या सकाळी दोन काचांच्या मधे वाफ धरायची आणि पुसायला हात पोचायचा नाही. मग दादाने आतली चौकट उतरवली, काचा कोरड्या केल्या आणि फडक्यात कळीच्या चुन्याचे खडे बांधून मधल्या जागेत ठेवले. चुना ओल पिऊन घेतो, म्हणाला. खरंच वाफ धरायची थांबली. उन्हाळ्यात काच पक्की बसावी म्हणून कडेला भरलेली लांबी तडकून गळून पडायची. खडूची पूड आणि जवसाचं तेल कालवून मी ती पोळीच्या कणकेसारखी मळून द्यायची आणि दादा अंगठ्याने कडेकडेने दाबत जायचा. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, झडप अडायची. ती रंध्याने तासली की हिवाळ्यात लाकूड आकसून खाली फट पडायची. त्या फटीत तो कापसाचे पेळू कोंबायचा. कापूस आत येऊ नये म्हणून कापूसच, असं म्हणून स्वतःच हसायचा. त्या साली मी पहिल्यांदा हिवाळाभर आडवी होऊन झोपले.

वहिनीचं नाव कुसुम. ती आली तेव्हा माझ्याहून फार मोठी नव्हती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. घरात सगळ्यांत उबदार आणि स्वच्छ खोली माझी, तेव्हा ती तिला द्यायची हे ओघानेच आलं. छप्पन सालचा तो हिवाळा. आपण आता मुंबई राज्यात गेलो म्हणून गावात बोलणं चाललं होतं आणि आमच्या घरी दादा खिडकी दुरुस्त करत होता. पावसाने चौकट वाकडी झाली होती, एका अंगाने लांबी पार सुटली होती. सुटीचा अख्खा दिवस त्याने त्यावर घालवला. वहिनी अवघडलेली, उंबऱ्याशी बसून त्याची थट्टा करत होती.

"इतकं पक्कं करून राह्यले. वाऱ्याले अंदर याचं असलं तं त्यानं कोणाले इचारावं?"

"मले," दादा म्हणाला.

दोघंही हसले. मीही हसले…

मुलगी झाली. सुमन. बाळंतीण आणि बाळ दोघी चांगल्या होत्या. सकाळी दाई येऊन दोघींना तेल लावून न्हाऊ घालायची. मग धुरी, मग खाटेखाली लोणारी कोळशाची शेगडी, वर दोन गोधड्या, आणि बाळंतिणीने घाम येईपर्यंत झोपायचं. आमच्याकडे सगळ्याच घरांत असं चालायचं. माय स्वतः अशीच शेकली होती, तिची माय तशीच. फक्त त्या घरांच्या भिंतींना आणि छपराच्या कवेलूंना फटी होत्या.

त्या दिवशी थंडी फार होती. मायने शेगडीत कोळसे जरा जास्त घातले, दार ओढून घेतलं आणि मला म्हणाली, पोरीले उन्हात ने. मी सुमनला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. कासारीण गल्लीत ओरडत आली तर मायने तिला हात हलवून गप्प केलं. "हळू वो बाई, लेकुरवाळी झोपली हाय आमची." शेजारीण उखळ घेऊन बसली होती, तिलाही मायने थांबवलं. मधे एकदा तिने दार जरासं लोटून डोकावलं आणि समाधानाने परत आली. "कशी गुलाबी दिसून राह्यली पाय. शेक मानवला तिले." वहिनीची झोप मोडू नये म्हणून आम्ही सगळे हलके पाय टाकत वावरत होतो.

दादा जेवायला आला, तिला बघायला आत गेला. त्याने एकदाच हाक मारली. त्या हाकेवरूनच आम्हाला कळलं.

डॉक्टर आले. कोळशाचा वायू, म्हणाले. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. चेहरा असाच गुलाबी दिसतो. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीपाशी थांबले. दादाने विचारलं, "हे उघडी असती तं?" डॉक्टरांनी चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "थोडी फट असती तरी…" एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलली.

लोक तिला घेऊन जायची तयारी करत होते तेव्हा दादा त्या खिडकीसमोर खुरपं घेऊन उभा होता. काच फोडली असती तर मला समजलं असतं. तो लांबी खरवडत होता. कडेकडेने, ज्या क्रमाने बसवली होती त्याच क्रमाने. ती निघत नव्हती. त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं.

भेटायला येणाऱ्या बायका मायजवळ बसायच्या. कसं झालं वो, म्हणून विचारायच्या. माय म्हणायची, "खिडकी बंद होती ना बाई. हवाच नव्हती अंदर." इतकंच. त्यापुढे ती बोलायची नाही. हळूहळू गावात तेच रूढ झालं. कारकुनाच्या कारागिरीनं बायको नेली, असं मी पाणी भरताना माझ्या कानांनी ऐकलं. दादाच्या तोंडावरही कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "हो, मीच बुजवली होती." शेगडीचं नाव त्याने कधी घेतलं नाही. मायसमोर तर नाहीच.

त्या वर्षी आतली चौकट निघाली ती निघालीच. माझा दमा परत आला. छातीतली शिटी पुन्हा ऐकली तेव्हा मला बरं वाटलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ती खिडकी माझ्यासाठी झाली होती. माझ्या श्वासासाठी. त्यात माझी काही चूक नव्हती हे मला कळतं, माझे मालक मला तेच समजावतात. पण कळून काय होतं…

पुढे माझं लग्न झालं, मी ढाणकीला आले. दादाने यवतमाळ सोडलं, पांढरकवड्याला दुसऱ्या जिनात काम धरलं आणि माय आणि सुमनला घेऊन तिकडे गेला. दुसरं लग्न त्याने केलं नाही. मुली सांगून यायच्या; तो पाहुण्यांना जेवू घालून परत पाठवायचा. मायने त्या घरात शेगडी ठेवलीच नाही. घोटभर चहा असला तरी ती मागच्या पडवीत चुलीवर करायची, पावसात भिजत करायची. शेगडी काहून नाही, असं दादाने तिला एकदाही विचारलं नाही. दोघं एका ताटाशी बसत, एकमेकांना वाढत, पण ती गोष्ट मधे तशीच असायची.

स्वतःच्या खोलीची खिडकी दादा कडाक्याच्या थंडीतही सताड उघडी ठेवून निजायचा. हिवाळा लागला की त्याला चैन पडायचं नाही. ओळखीच्या कोणाकडे बाळंतपण आहे असं कळलं की तो तिकडे जायचा आणि बाळंतिणीच्या खोलीची वरची काच काढून ठेवा म्हणायचा. विधुर माणूस बाळंतिणीच्या खोलीविषयी बोलतो हे लोकांना अशुभ वाटायचं. एकदा मी माहेरपणाला गेले होते तेव्हा मला सोबत घेऊन तो एका सोबत्याच्या घरी गेला. त्या सोबत्याची म्हातारी आई ओट्यावरच आडवी आली.

"आपली मारली ते मारली, आता आमच्या सुनेची खिडकी पाहाले आला काय तू?"

दादाचा चेहरा पडला, पण तो हलला नाही. अंगणातच उभा राहिला. "मावशी, मी अंदर येत नाही. माहा पायही लावत नाही. शेगडी ठेवा तुम्ही, फक्त वरची एक काच काढा. मी तुमच्या पाया पडतो." आणि खरंच धुळीत गुडघे टेकून बसला. म्हातारी पुटपुटत राहिली. तेवढ्यात आतून, पडद्याआडून त्या बाळंतिणीचाच आवाज आला. "आत्याबाई, काढू द्या काच. मलेही घाबरल्यासारखं होते." मी आत जाऊन काच उतरवली. परतताना रस्त्यात एका ठिकाणी थांबून दादाने नुसते डोळे पुसले.

तो गेल्यावर मी पांढरकवड्याला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दिवस होईपर्यंत मी तिथेच राहिले. माय भिंतीला टेकून बसलेली असायची, जेवणाला हात लावायची नाही. सुमन आता मोठी झाली आहे, सगळं तीच बघत होती. दहावा झाल्यावर यवतमाळच्या ओळखीतल्या दोघीतिघी आल्या. त्यातली एक बाई सगळ्यांत बसून सहज म्हणाली, "चांगला होता बिचारा. बायको तेवढी त्याच्या हातून गेली." सुमन पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. त्या बायका गेल्या तशी मी उठून तिच्याकडे जायला निघाले, पण मायने मला हाताने थांबवलं.

"सुमन, इकडे ये," ती म्हणाली. पोर येऊन समोर बसली. मायने तिचा हात धरला. "तुह्या बापानं नाही मारलं वो तिले. खाटेखाली शेगडी मी ठेवली होती. कोळसे मी जास्त घातले होते. दार मी लावलं होतं. मी डोकावून पायलं अन् गुलाबी दिसते म्हणून परत आली… आन् लोकायले मी नुसती खिडकी सांगतली. त्याच्या जिवंतपणी एक डाव तरी बोलाचं होतं. रोज ठरवू, आन् तो समोर आला का जीभ उचले नाही."

सुमन तिच्याकडे बघत होती. मला वाटलं, ही आता उठून जाईल.

"मले माहीत हाय, आजी," ती म्हणाली. "बाबांनी मागंच सांगतलं होतं सगळं. शेगडीचंही. आन् म्हणाले होते, आजीले कधी इचारू नको. तिच्यानं सहन होणार नाही."

मायने तोंडाला पदर लावला. तिला हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्याला ठाऊक होतं आणि इतकी वर्षं त्याने गावाचं बोलणं स्वतःवर घेतलं, हे तिला कळलं, आणि ती जी रडायला लागली ती दिवसभर थांबेना. सुमनने तिला कुशीत घेतलं. म्हातारीला कुशीत घेऊन ती पोर डोलत होती. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने तिला भाकरी भरवली. मी बाजूला बसले होते. मला करण्यासारखं काही नव्हतं.

मी निघायच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, "तू लिहते ना पेपरात कधीमधी? त्याच्यावर लिही. आन् शेगडीचं लिही." मी नाही म्हणाले. आता या वयात कशाला, लोक पुन्हा तोंडं उघडतील, म्हणाले. "उघडू दे," ती म्हणाली. "माह्यावर उघडू दे."

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवायला परत पांढरकवड्याला गेले. ती दादाच्या खोलीत, त्याच्या खाटेवर बसली होती. हल्ली ती तिथेच असते. मी वाचत गेले, ती डोळे मिटून ऐकत होती. वहिनीच्या त्या सकाळपाशी मी आले. तिथे मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'घरच्यांनी शेगडीत कोळसे जरा जास्त घातले.' तिने हात वर केला.

"घरच्यायनं नाही," माय म्हणाली. "मायनं, असं लिही."

मी पेन मागितलं. सुमनने आणून दिलं, आणि मी मायसमोरच ते वाक्य बदललं.