रफिकच्या गिटारचा पिकअप

माझ्या मेहुण्याच्या गिटारला मी पिकअप बसवून दिला, त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून तो माझ्याकडे दुरुस्तीला काहीही देत नाही. टॉर्चचे सेलसुद्धा स्वतः बदलतो, आणि बदलताना माझ्याकडे पाठ करून बसतो.

पौडच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशी सालानंतरचा काळ. लग्नाकार्याला भाड्यानं द्यायला कर्णे आणि एक ॲम्प्लिफायरही होता. ज्या वस्तूला वायर आहे ती माझ्याकडे यायची : इस्त्री, पंखा, पाण्याची मोटार. एकदा एका म्हातारबुवांचं कानात घालायचं यंत्रही आलं. (मी ते चालू करून दिलं. दोन दिवस घरातल्यांचं बोलणं ऐकून म्हातारबुवा परत आले आणि म्हणाले, ‘पहिल्यासारखं करून दे.’) तेव्हा गिटार माझ्याकडे येणं हे ठरलेलंच होतं.

रफिक हा माझी बायको जैतून हिचा धाकटा भाऊ. पिरंगुटला कारखान्यात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार. ती गिटार विजेवर चालणारी, जुनी, तांबड्या रंगाची. लग्न झालेली माणसं बायकोला जपत नाहीत एवढी तो तिला जपायचा. एस.टी.त स्वतः उभा राहून तिला बसायला जागा द्यायचा!

त्याचं लग्न जमत आलं होतं. मुठं गावच्या इब्राहिमचाचांची मुलगी शबाना. रफिकनं तिला एका लग्नात पाहिलं आणि तेव्हापासून तो जेवताना आपण काय खातोय तेही बघेनासा झाला. पण चाचा भातशेती करणारे रोखठोक गृहस्थ. त्यांनी निरोप धाडला : “पोरगा कारखान्यात हाय ते बेस हाय. पर त्यो कसला बाजा वाजवतो म्हनं. साखरपुड्याला आन म्हनावं त्यो बाजा. मी ऐकतो, मंग तारखेचं बगू.”

आणि त्याच आठवड्यात गिटारचा आवाज बसला.

“दाजी,” रफिक दुकानात येऊन रडवेल्या आवाजात म्हणाला, “पिकअप गेलाय.”

“कुठं गेलाय?” मी विचारलं.

तेव्हाच त्यानं सावध व्हायला हवं होतं! पण तो प्रेमात होता. त्यानं मला समजावून सांगितलं. गिटारच्या तारांखाली एक पट्टी असते, तिच्यात चुंबक आणि भोवती बारीक तारेचं वेटोळं. गिटारची तार थरथरली की वेटोळ्यात वीज थरथरते आणि तिचा पुढं आवाज होतो. ती पट्टी म्हणजे पिकअप. त्याच्या गिटारला अशा दोन होत्या, आणि त्यातली मुख्य बंद पडली होती.

“हात्तिच्या!” मी म्हणालो. “चुंबक आणि तार! कर्ण्यात दुसरं काय असतं? ठेव इथं.”

जैतून आतून म्हणाली, “अवो, त्याला कसला आवाज पायजेल त्ये तरी इचारा आदी.”

“आवाज म्हणजे आवाज,” मी म्हणालो. “त्यात कसला काय?”

मी पिकअप उघडला. वेटोळ्याचं एक टोक सुटलं होतं. नुसता कथलाचा डाग मारून काम झालं असतं की काय, हे आता या जन्मी कळणार नाही. कारण ते टोक धरायला मी चिमटा घातला आणि तार उलगडायला लागली. केसाहून बारीक तार! ती उलगडत उलगडत टेबलावरून खाली आली, माझ्या बुटात शिरली, तिथून घरात गेली. जैतूननं तिचं दुसरं टोक भाकरीच्या पिठातून काढलं आणि माझ्यापुढं धरून विचारलं, “ह्ये तुमचं हाय का आमी मळू?”

आता नवा पिकअप आणणं भाग होतं. सकाळी मी पुण्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तर आमच्या शेजारचे दगडूतात्या आले.

“कुटं निगालाव हमीदभाई?”

“पुण्याला. पिकअप आणायचाय.”

“पिकअप?” तात्यांचे डोळे चमकले. “नवा का जुना?”

“नवाच घेतो की.”

“ब्येस! मंग आमचं शेनखत टाकून द्याल का वावरात?”

गाडी आली म्हणून मला खुलासा करता आला नाही. (संध्याकाळी परत आलो तेव्हा गावात हमीदभाईंनी टेम्पो घेतला असं झालं होतं, आणि शेणखताच्या मागं विटांचा नंबर लागला होता.)

पुण्यात लष्कर भागात वाद्यांचं एक दुकान शोधून काढलं. काउंटरवरचे गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर न हलवता विचारलं, “सिंगल कॉइल की डबल?”

“म्हणजे?”

“सिंगलला एक वेटोळं. आवाज चकचकीत, मोकळा, पण मागे जरा घूं असतं. डबलला दोन. घूं कमी, आवाज भरदार. गिटारवर खाच कोणत्या मापाची आहे? दुसरा पिकअप कसला आहे? तो चांगला असेल तर नवा त्याच्या जोडीचा हवा, नाहीतर एक ओरडेल आणि दुसरा कुजबुजेल. वाजवणार काय?”

एवढे प्रश्न तर माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही विचारले नव्हते. गिटार घरी होती, रफिक कारखान्यात होता.

“मोठा द्या,” मी म्हणालो.

“मोठा म्हणजे?”

“तुमच्याकडे असेल त्यातला सगळ्यात मोठा. चुंबक जोरदार पाहिजे.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “गिटारला बसवायचाय की बैलगाडीला?”

मी तो घेऊन आलो. गिटारच्या खाचेत पिकअप जाईना. खाच अरुंद, पिकअप दुप्पट रुंद. मी पटाशी आणि हातोडी काढली. रफिक पाळी संपवून आला तेव्हा गिटार माझ्या मांडीवर उताणी पडली होती आणि दुकानात तांबडा भुस्सा उडत होता. तो दारातच थांबला. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. असा आवाज मी त्याआधी फक्त जनावरांच्या दवाखान्यात ऐकला होता.

“दाजी! लाकूड हाय त्ये!”

“म्हणून तर कापता येतंय.”

“आवो, पर ती गिटार हाय!”

“मग काय पटाशीनं नाही तर कात्रीनं कापायचं?”

तो ओट्यावर डोकं धरून बसला. जैतूननं त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की पुढचे चार घाव मी हळू घातले.

शेवटी पिकअप बसला. एका बाजूला किंचित तिरका होता, पण बसला! वायर कमी पडत होती म्हणून मी जुन्या इस्त्रीची जोडली. (गिटारला जाळीदार आवरण असलेली वायर लागते, नाहीतर हवेतलं वाटेल ते आत शिरतं, हे मला पुढं कळलं. पुढं म्हणजे फार पुढं.) रफिकनं तार छेडली आणि समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले. मी विजयानं त्याच्याकडे बघितलं.

“दाजी, आवाज मोटा झालाय,” तो क्षीणपणे म्हणाला. “पर गोड न्हाई वो. आन् सूर बगा कसा हालतोय. चुंबक तारंला खाली वडतंय.”

“गोड पाहिजे असेल तर हलवायाकडं जा,” मी म्हणालो. “चाचांना आवाज ऐकायचाय, जिलबी खायची नाही.”

साखरपुड्याला आम्ही मुठ्याला गेलो. गणपती नुकतेच उरकले होते, भात पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या. चाचांच्या दारात पत्र्याची मोठी पडवी, तिच्यात पाहुणे बसलेले. विजेचा बोर्ड पार घरात, म्हणून ॲम्प्लिफायर मी तिथं ठेवला, कर्णा पडवीत रफिकच्या मागं टांगला, आणि गिटारची वायर आणखी वायर जोडून पत्र्यावरून फिरवून आणली. आपली सोय आपणच किती छान केली, असं मला त्या वेळी वाटलं.

अंगठी झाली, पेढे झाले. चाचा लोडाला टेकले. “हं. वाजीव.”

रफिकनं बटण फिरवलं. आधी घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. एक आजीबाई म्हणाल्या, “गांधीलमाश्या उटल्या का काय?” रफिकनं डोळे मिटले आणि सूर लावला. तो सूर शेळीच्या मानेसारखा वरखाली हलत बाहेर आला. पाहुण्यांतली लहान पोरं खिदळली. मागच्या दाराच्या पडद्याआड शबाना उभी होती. पडदा हलला आणि स्थिर झाला. रफिकच्या कपाळावर घाम आला. मी आत जाऊन ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवून आलो. (मला तेवढंच येत होतं.)

आणि तेवढ्यात गिटार बोलायला लागली.

अगदी स्पष्ट, खर्जातल्या, सभ्य पुरुषी आवाजात ती म्हणाली, “शेतकरी बंधूंनो, भातावरील करपा या रोगाची लक्षणं आपण आज पाहणार आहोत.”

रफिकचे हात तारांवरून गळून पडले. माझी इस्त्रीची वायर आणि चाचांच्या घराचे सगळे पत्रे मिळून रेडिओचा कार्यक्रम पकडत होते. लग्न मोडलं, हे मला कळून चुकलं. जैतूननं मागून माझ्या बरगडीत असं ढोपर मारलं, की ते तिलाही कळल्याचं मला कळलं. मी बटण बंद करायला धावलो.

“थांब!” चाचा गरजले. “हात लावू नगंस! ऐकू दे!”

ते लोडावरून उठून पुढं आले होते. त्यांच्या दोन खाचरांत करपा पडला होता. शेतीचा कार्यक्रम त्यांनी पावसाळाभर ऐकला नव्हता, कारण त्यांचा रेडिओ बिघडला होता. तो दुरुस्तीला माझ्याच दुकानात पडून होता.

“पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसू लागताच…” गिटार म्हणाली, आणि रफिक जरा वळला तशी खरखरायला लागली.

“हालू नगंस रं!” चाचा ओरडले. “होता तसा हुबा ऱ्हा! डोंगराकडं त्वांड कर. आता जरा वर धर. आनिक वर!”

झालं! माझा मेहुणा, पुण्याच्या ऑर्केस्ट्रात लोकांच्या शिट्ट्या घेणारा कलावंत, नव्या सदऱ्यात, गळ्यात हार घालून, गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर धरून डोंगराकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्याभोवती सगळं मुठं गाव कान देऊन बसलं. त्याचे हात थरथरायला लागले, पण त्यानं ते खाली घेतले नाहीत. एकदाच त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरायचा प्रयत्न करतोय.

“यावर फवारणीसाठी उत्तम औषध म्हणजे…” गिटार म्हणाली.

आणि रफिकला शिंक आली.

“काय म्हनला? काय म्हनला?” पडवीत गोंधळ उडाला. कोणी एक नाव सांगे, कोणी दुसरं. दोघं भाऊबंद त्यावरून हातघाईवर आले. पुन्हा आवाज लागला तेव्हा बासरी सुरू होती. मी खाली मान घालून वायर गुंडाळायला घेतली. आता चाचा काही गाडी जुंपून देणार नाहीत, आपल्याला पौडपर्यंत चालत जावं लागणार आणि वाटेत बायको बोलणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चाचांनी रफिकच्या खांद्यावर हात ठेवला.

“वाजवतो त्ये काय मला कळलं न्हाई,” ते सगळ्यांना म्हणाले, “पर पोरगं गुनाचं हाय. सांगितलं तसं हुबं ऱ्हायलं, हाताला कळ लागली तरी हाललं न्हाई. असा जावाई कुटं गावायचा? धरा तारीख!”

पडद्यामागून हसणं ऐकू आलं. रफिकचं तोंड मात्र तारीख धरल्यासारखं नव्हतं, माती द्यायला आल्यासारखं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी एवढी दाद दिली होती, आणि ती गिटार न वाजवल्याबद्दल होती.

लग्न झालं. त्याच्या आधीच रफिक गिटार घेऊन एकटा पुण्याला गेला, खाचेत लाकडाचा तुकडा बसवून घेतला, जोडीचा पिकअप स्वतः वाजवून, पारखून आणला. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा, आणि काम काढायचा नाही.

पण एक नवल झालं. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत पुण्याचे गिटारवाले पौडला माझ्या दुकानात यायला लागले! लांब केसांची, निमुळत्या बुटांची पोरं. “काका, पिकअप बदलायचाय. रफिकभाईनं तुमच्याकडे पाठवलंय. कोणता घेऊ?” माझा ऊर भरून यायचा. पोरगा तोंडावर बोलत नसला तरी मनातून मानतो, असं मी जैतूनला सांगायचो. मी प्रत्येकाला बसवून घ्यायचो, चहा पाजायचो आणि मनापासून सल्ला द्यायचो. पोरं लक्ष देऊन ऐकायची आणि आभार मानून जायची.

एक दिवस त्यातला एक साधा, भोळा मुलगा आला. मी त्याला म्हणालो, “तू डबल घे. जोरदार चुंबकाचा. आणि तारांच्या अगदी जवळ बसव.”

“म्हणजे सिंगल, हलक्या चुंबकाचा, आणि तारांपासून लांब,” तो पुटपुटला.

“अरे, मी उलटं सांगितलं.”

“हो ना काका,” तो निरागसपणे म्हणाला. “रफिकभाई म्हणतात, दुकानदार घोळात घेतात. आधी दाजींना विचारा, आणि ते जे म्हणतील त्याच्या बरोबर उलटं मागा. अजून आमच्यातल्या एकाचाही पिकअप चुकला नाही.”

जैतून दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं तो माझ्या हातात न देता त्या मुलाच्या हातात दिला. मग मी त्याला विचारलं, वायर कोणती जोडणार आहेस? आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत ठासून सांगितलं, “इस्त्रीची जोड!”

“म्हणजे जाळीदार आवरणाची,” असं पुटपुटत पोरगं गेलं, आणि त्याचं भलं झालं.